सर्व्हेअर कंपनीचा, एजंट टक्क्यांचा, मग आपला कोण?



सुरतेत पाणी ओसरले की दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, भिंतीवरची चिखलाची रेघ. दुसरी, हातात व्हिजिटिंग कार्ड घेऊन गल्लोगल्ली फिरणारा माणूस. "क्लेम पास करून देतो, आधी एक रुपया नको, पैसे आल्यावर टक्के द्या." जून २०२५ मध्ये खाडीचे पाणी लिंबायत, परवत पाटिया भागात घराघरांत शिरले, तेव्हा तो आला. त्याआधी फेब्रुवारी २०२५ मध्ये रिंगरोडवरच्या शिवशक्ती टेक्स्टाइल मार्केटला आग लागून शेकडो दुकाने खाक झाली, तेव्हाही तो आला. २००६ च्या महापुरानंतर तर त्याचे पीकच आले होते. कोणी दहा टक्के मागतो, कोणी पंधरा, कोणी वीस.

या माणसाला शिव्या घालणे सोपे आहे. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारा म्हणून आपण त्याला नावे ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच कागदावर अंगठा देतो. का देतो? कारण त्या वेळी आपल्या बाजूने बोलायला दुसरे कोणीच नसते. माझे म्हणणे एवढेच आहे, की ती जागा आपण रिकामी ठेवली म्हणून तो तिथे बसला. ती रिकामी राहण्यात सरकारचा दोष आहे, विमा कंपन्यांचा आहे, बँकांचा आहे आणि आपल्या मंडळांचाही आहे. ते कसे, हे हिशेबाने सांगतो. मी कॉमर्सचा विद्यार्थी. भावनेपेक्षा आकडा लवकर पटतो, असा माझा अनुभव आहे.

आधी दाव्याचे काम कसे चालते ते पाहू. नुकसान झाले, आपण कंपनीला कळवले, की कंपनी सर्व्हेअर नेमते. विमा कायद्याच्या ६४ यूएम कलमात या परवानाधारक सर्व्हेअरची तरतूद आहे. तो येतो, फोटो काढतो, स्टॉकचे रजिस्टर आणि बिले मागतो, भिजलेल्या मालाची भंगारात काय किंमत येईल ते धरतो, घसारा वजा करतो आणि अहवाल कंपनीला देतो. कायद्याने तो तटस्थ असावा लागतो आणि पुष्कळ सर्व्हेअर प्रामाणिकपणे काम करतात, हे मी मान्य करतो. पण त्याला नेमणारी कंपनी, त्याची फी देणारी कंपनी आणि पुढचे काम देणारीही कंपनीच. त्याच्यासमोर जो उभा असतो तो धुळे-नंदुरबारहून आलेला, मराठीत चौथी-सातवी झालेला, इंग्रजी फॉर्म न वाचता येणारा आपला माणूस. सामना बरोबरीचा आहे असे कोणी म्हणेल काय?

आता एका माणसाची गोष्ट. नाव सांगत नाही. त्यांना सगळे आप्पा म्हणतात, मीही म्हणतो. जळगाव जिल्ह्यातून आले, वीस वर्षे दुसऱ्याच्या कारखान्यात लूम चालवला, मग वेड रोडला भाड्याच्या शेडमध्ये स्वतःचे बारा लूम टाकले. बँकेची तीन लाखांची कॅश क्रेडिट होती. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून तापीत नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडले गेले आणि सुरत शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. धरण आधीच रिकामे केले असते तर काय झाले असते, हा वाद वेगळा. आप्पांच्या शेडमध्ये पाणी पुरुषभर उंच होते. यार्न, भरलेले बीम, ग्रे कापडाचे ताके, सगळे चिखलात.

त्या दिवशी शेडमध्ये सहा लाखांचा माल होता. भंगाराची किंमत वजा जाता नुकसान पाच लाखांचे. आप्पांना वाटले, विमा आहे, निदान तीन लाख तरी येतील. आले दोन लाख सदतीस हजार पाचशे. कसे ते पाहा. विमा तीन लाखांचा, माल सहा लाखांचा, म्हणजे निम्म्याच मालाचा विमा. अशा वेळी कंपनी नुकसानही निम्मेच धरते. याला ॲव्हरेज म्हणतात. पाच लाखांचे झाले अडीच लाख. त्यातून पुरासारख्या आपत्तीसाठी विमेदाराने स्वतः सोसायचे पाच टक्के, म्हणजे साडेबारा हजार वजा. हिशेब चोख होता, त्यात सर्व्हेअरची चूक नव्हती.

मग चूक कोणाची? विमा तीन लाखांचाच का होता? कारण कर्जाची मर्यादा तीन लाखांची होती आणि बँकेने मर्यादेइतकाच विमा उतरवला. माल दुप्पट झाला तरी कोणी विचारले नाही. हप्ता खात्यातून परस्पर कापला जाई, पॉलिसी बँकेच्या फाइलमध्ये राही. आप्पांनी ती पुरापूर्वी कधी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती. पूर्ण मालाचा विमा घेतला असता तर हप्त्यात वर्षाला फार तर काही शे रुपयांचा फरक पडला असता. हे मी ऐकीव सांगत नाही. तो हप्ता ज्या टेबलावर नावे पडत होता, त्या टेबलावर तेव्हा मी बसत होतो. मी नवा होतो, वरून जसे सांगितले तसे करत होतो. पण "आप्पा, ही तुमची पॉलिसी, हिची झेरॉक्स जवळ ठेवा" एवढे एक वाक्य बोलायला मला कोणी मनाई केली नव्हती. ते मी बोललो नाही. ती खंत आजही आहे, म्हणून हा लेख.

पुढचा भाग ऐका. पुरानंतर चार महिने पैसे आले नाहीत, तेव्हा डिसेंबरात एक क्लेमवाला आप्पांना भेटला. पंधरा टक्क्यांचा करार झाला. आप्पांनी कोऱ्या कागदांवर सह्या दिल्या आणि एक सही केलेला चेकही दिला. जानेवारीत क्लेमचा चेक आला. पॉलिसीवर बँकेचे नाव असल्याने तो थेट कॅश क्रेडिट खात्यात जमा झाला. दुसऱ्याच दिवशी त्या खात्यातून क्लेमवाल्याचे पस्तीस हजार सहाशे पंचवीस रुपये गेले. म्हणजे त्याची टक्केवारीसुद्धा आप्पांनी कर्ज काढून दिली, वर व्याज भरले. आप्पा माझ्या टेबलासमोर बसून एवढेच म्हणाले, "भाऊ, मना हातमा काय उनं?"

नंतर आम्ही दोघांनी अर्ज करून सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मिळवली. त्या अहवालावर ऑक्टोबरची तारीख होती. रक्कम तीच, पैशापैशाने तीच. म्हणजे क्लेमवाल्याशी करार व्हायच्या दोन महिने आधीच आकडा ठरला होता. त्याने रुपयानेही तो वाढवला नव्हता. ठरलेले पैसे येणारच होते, तो फक्त मध्ये उभा राहिला. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते असे.

काही जण म्हणतील, "साहेब, तुम्ही बँकेत बसून बोलता. गरिबाला कागद कळत नाहीत, कोणीतरी मदत करणारा हवाच, त्याने मेहनतीचे पैसे घेतले तर बिघडले काय?" प्रश्न रास्त आहे. मदत करणारा हवाच, हेच तर माझेही म्हणणे आहे. अमेरिकेत हा धंदा उघडपणे चालतो. त्याला तिकडे पब्लिक ॲडजस्टर म्हणतात. तो विमेदाराच्या बाजूने नुकसान मोजतो आणि कंपनीशी वाटाघाट करतो. पण बहुतेक राज्यांत त्याला परवाना लागतो, आणि अनेक राज्यांत फीवर मर्यादा असते. फ्लोरिडात वादळे फार होतात. तिथे सरकारने आपत्कालीन स्थिती जाहीर केलेल्या संकटातील दाव्यांवर पहिले वर्षभर त्याला दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. इंग्लंडमध्येही विमेदाराच्या बाजूने दावा लढवणारे लॉस असेसर सरकारी नियामकाच्या देखरेखीखाली असतात.

आपल्याकडे काय आहे? कंपनीसाठी नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरला परवाना, परीक्षा, आचारसंहिता. विमा विकणाऱ्या एजंटालाही नियम. परवानाधारक ब्रोकरला दाव्याच्या कामात ग्राहकाला मदत करता येते, हे खरे. पण ब्रोकरची मुख्य कमाई कंपनीकडून येणाऱ्या मोबदल्यावर. दोन लाखांच्या दाव्यासाठी तो पांडेसऱ्याच्या गल्लीत केव्हा यायचा? फक्त विमेदाराची बाजू मांडणारा, ज्याच्या फीवर मर्यादा आहे आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार करता येते, असा वेगळा परवाना आपल्याकडे नाही. म्हणून रस्त्यावरचा क्लेमवाला कोणालाच उत्तर देणे लागत नाही. त्याने फसवले तर विमा नियामकाकडे त्याची नोंदच नाही.

याला राजकीय इच्छा लागते आणि ती कुठे असते ते पाहा. विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले तेव्हा परकीय भांडवलाची मर्यादा २६ टक्के होती. २०१५ साली ती ४९ झाली, २०२१ साली ७४ झाली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात १०० टक्क्यांची घोषणा झाली. भांडवलदाराला बसायला दर काही वर्षांनी मोठी खुर्ची मिळाली. पुरात बुडालेल्या विमेदाराच्या शेजारी एक स्टूल टाकायला मात्र इतक्या वर्षांत कोणत्याही पक्षाला सवड झाली नाही. मी कोणत्या एका पक्षाविरुद्ध लिहीत नाही. या २५ वर्षांत दिल्लीत सगळ्यांची सरकारे येऊन गेली.

पण कायद्यात आज जे आहे, ते तरी आपण वापरतो का? ते फुकट आहे, म्हणून मुद्दाम देतो.

विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमला पाहिजे, १५ दिवसांत त्याचा अहवाल घेतला पाहिजे आणि अहवालानंतर ७ दिवसांत निर्णय दिला पाहिजे. केवळ कागद नाहीत म्हणून दावा नाकारता येत नाही. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागा. सर्व्हेअरचा शब्द शेवटचा नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीपकुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे. नुकसान मोठे असेल आणि आकडा पटत नसेल, तर आपल्या खर्चाने दुसऱ्या परवानाधारक सर्व्हेअरकडून नुकसान मोजून घेण्यास कोणी अडवत नाही. त्याची ठरावीक फी द्या, टक्के देऊ नका.

कमी रक्कम देऊन "पूर्ण समाधान झाले" अशा डिस्चार्ज व्हाउचरवर सही मागतात. दबावाने किंवा फसवून घेतलेली अशी सही विमेदाराचा हक्क बुडवत नाही, असा निकाल १९९९ पासूनचा आहे. तरीही सही करायची वेळ आली, तर आपला आक्षेप लेखी नोंदवूनच करा आणि त्याची प्रत ठेवा.

कंपनीने ऐकले नाही तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. गुजरातसाठी हे कार्यालय अहमदाबादला आहे. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. फी नाही. सर्वांत महत्त्वाचे, तिथे वकील किंवा एजंट चालत नाही, विमेदाराने स्वतःच आपली बाजू मांडायची असते. म्हणजे ज्या दारातून पैसे न देता आत जाता येते, त्या दारातून क्लेमवाल्याला प्रवेशच नाही! ते दार तो तुम्हाला का दाखवील? लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्याला पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. ग्राहक आयोगात मात्र दोन वर्षांची मुदत पाळावी लागते.

आणि संकट येण्यापूर्वीचे काम. एप्रिल २०२१ पासून घरांसाठी भारत गृह रक्षा ही ठरावीक पॉलिसी सर्व कंपन्यांना द्यावी लागते. तिच्यात विमा कमी रकमेचा असला म्हणून आप्पांसारखी निम्मी कपात होत नाही. छोट्या कारखान्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आहे. तिच्यात मात्र १५ टक्क्यांपर्यंतचीच तूट माफ आहे. आप्पांची तूट ५० टक्के होती, म्हणजे आजची पॉलिसी असती तरी ते बुडालेच असते. तेव्हा ज्यांचे लूम, दुकान, गोदाम बँकेकडे तारण आहे, त्यांनी या आठवड्यातच बँकेत जाऊन पॉलिसीची प्रत मागावी. विम्याची रक्कम आणि दिवाळीच्या हंगामातला भरलेला माल यांचा मेळ घालावा. जागेचा पत्ता बरोबर आहे का ते पाहावे. शेड बदलली आणि पॉलिसीवर जुनाच पत्ता राहिला, तर नंतर रडून उपयोग नाही. बँकेतला माणूस टाळाटाळ करू लागला तर हा अंक त्याच्यापुढे ठेवा. आमच्यासारख्यांना कोणी विचारले नाही, तर आम्ही सांगत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

आता शेवटचे आणि कडू. आपल्या समाजाची या शहरात किती मंडळे आहेत? गणेशोत्सवाचा मंडप, शिवजयंतीची मिरवणूक, नेत्यांचा सत्कार, शाल-श्रीफळ, फ्लेक्स. यातले काही बंद करा असे मी म्हणत नाही. मिरवणुकीत मीही चालतो. पण २००६ चा पूर आला, खाडीचे पूर तर पावसाळ्यामागून पावसाळा येतात, आणि इतक्या वर्षांत एकाही मंडळाने चार टेबले मांडून "या, तुमचा क्लेमचा फॉर्म आम्ही भरून देतो" असे म्हटलेले मी पाहिले नाही. फूड पॅकेट वाटली, फोटो छापले. पाणी ओसरल्यावर आपण घरी गेलो आणि तेव्हा क्लेमवाला घराबाहेर पडला.

आपल्यात काय कमी आहे? बँकेतले आहेत, एलआयसीतले आहेत, शिक्षक आहेत, निवृत्त कारकून आहेत, सी.ए. होणारी मुले आहेत. म्हणून कार्यकारिणीपुढे मी तीन गोष्टी ठेवतो. पहिली, पावसाळ्यापूर्वी मंडळाने कायमचा विमा मदत कक्ष सुरू करावा. आठवड्यातून एक संध्याकाळ, फॉर्म आणि तक्रारअर्ज मराठी, गुजराती, इंग्रजीत, एक पैसा न घेता. दुसरी, मे महिन्यात पॉलिसी तपासणीचे शिबिर भरवावे. रक्तदान शिबिर भरवतो तसेच. तिसरी, निवडणुकीत आपली मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो आपल्या समाजाचा असो वा नसो, एकच लेखी प्रश्न विचारावा: विमेदाराच्या बाजूने उभे राहणाऱ्याला परवाना आणि त्याच्या फीला मर्यादा, या मागणीसाठी तुम्ही काय करणार? आमदार-नगरसेवकाच्या हाती कायदा नाही, हे मला माहीत आहे. पण खासदारापर्यंत आणि दिल्लीपर्यंत निवेदन नेणे त्याच्या हाती आहे. ज्याला उत्तर नसेल त्याच्या सत्काराचा नारळ वाचवा.

मदत कक्षाचे पहिले टेबल मी सांभाळीन. सुट्टीच्या दिवशी आणि बँक सुटल्यावर. आप्पांना मी जे सांगितले नाही, ते निदान इतरांना सांगता येईल. आणखी पाच जण हवेत. पुढच्या बैठकीत हात वर करा.

जय महाराष्ट्र! जय गुजरात!